तलवारी भिडतात आणि आवाज येतो ‘टप’: शाळेच्या नाटकातल्या लढाईचं दुखणं

सेनापती त्वेषानं तलवार उपसतो, समोरचा गुडघा टेकून वार अडवतो, प्रकाश लाल होतो, आणि आवाज येतो ‘टप’. कुणीतरी कपाटाचं दार लोटल्यासारखा. तिसऱ्या रांगेत कोणी खुदकन हसतं, ते हसू मागच्या रांगांत पसरतं आणि सेनापती मरून पडेपर्यंत काही थांबत नाही.

शाळांच्या नाटकांत मी बरीच वर्षं विंगेतली कामं करतो आहे. दर वर्षी मुलं नवी, तलवारी नव्या, दुखणं मात्र तेच. रंगीत तालमीच्या दिवशी सगळ्यांच्या एकदम लक्षात येतं आणि मग जो तो तलवारीच्या मागे लागतो: अजून जाड करू, पत्रा लावू, आतून पोकळ करू. माझाही बराच वेळ त्यात गेला. शेवटी कळलं की दिसायची तलवार एक आणि वाजायची दुसरी. हातातल्या तलवारीनं फक्त दिसावं. आवाजाची जबाबदारी तिच्यावरून काढून घेतली की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे तो आवाज वेळेवर येणं, आणि खरी मेहनत तिथे आहे.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक करा. शेवटच्या रांगेत जाऊन बसा, डोळे मिटा आणि मुलांना लढाईचा तुकडा करायला सांगा. नेमकं काय खटकतं ते ऐका. आवाज बद्द आहे, उशिरा येतो आहे, भलतीकडून येतो आहे, की येतच नाही? ही चार दुखणी वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आवाज ‘टप’ किंवा ‘ठक’ असा बद्द येतो

लाकूड, प्लायवुड, पुठ्ठा, फोम, प्लॅस्टिकचा पाइप: या सगळ्या वस्तू आतल्या आत कंपनं खाऊन टाकतात. आघात झाला की क्षणात सगळं शांत. धातू कंपनं सहज गिळत नाही, म्हणून तो वाजत राहतो. तेव्हा लाकडी तलवारीला कितीही चंदेरी रंग फासला तरी ती लाकूडच बोलणार.

पत्रा चिकटवण्याचा मोह सगळ्यांना होतो. मी एकदा अख्खी दुपार घालवून सहा तलवारींना दोन्ही बाजूंनी पत्रा चिकटवला. दिसायला झकास झाल्या. वाजवून बघितल्या तर डब्याचं झाकण पडल्यासारखा आवाज. पत्रा लाकडाला घट्ट चिकटला की त्याची कंपनं गोंद आणि लाकूड मिळून गिळतात. म्हणजे मेहनत करून मी धातूचा आवाजही मारला होता.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तालमीत कोणीतरी हुशार पालक हा मुद्दा काढतोच. खऱ्या तलवारीसुद्धा नाटकातल्यासारखा लांबलचक खणखणाट करत नाहीत. मूठ हाताच्या पकडीत असते, पकड कंपनं दाबते, आणि आवाज येतो तो आखूड, टोकदार, काहीसा ओबडधोबड. लाकडी किंवा आतून चामडं लावलेल्या म्यानातून तलवार काढली तर ‘सर्रर्र’ असं जवळपास काहीच वाजत नाही. तो आपल्या कानात भरून ठेवलाय चित्रपटांनी. पडद्यावरच्या हालचालीकडे बघत वेगळ्याच वस्तूंनी आवाज करण्याच्या या कलेला ‘फोली’ म्हणतात, जॅक फोली या अमेरिकन ध्वनिकाराच्या नावावरून. पण प्रेक्षक तोच आवाज कानात घेऊन येऊन बसलेला असतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला जे खरं वाटतं ते द्यायचं, फक्त थोडं आखडून.

मग मुलांच्या हातात धातूच्याच तलवारी का देऊ नयेत? व्यावसायिक रंगभूमीवर बोथट केलेल्या पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या तलवारी वापरतात, पण तिथे लढत बसवणारा प्रशिक्षित माणूस असतो आणि नट महिनोन्‌महिने सराव करतात. शिवाय धातूवर धातू आपटला की कडेला खाचा पडतात, खाचांना बारीक धार येते आणि ती बोट कापते. म्हणून तिथे प्रत्येक प्रयोगाआधी पाती तपासून कानशीनं घासून घेतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांकडून ही शिस्त प्रयोगाच्या धांदलीत होणार नाही. मी तरी देत नाही.

उपाय दोन टप्प्यांत आहे आणि पहिला टप्पा ऐकून लोक चक्रावतात: आधी तलवार मुकी करा. लाकडी पात्याच्या भिडणाऱ्या कडांवर दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमची पट्टी चिकटवा आणि वरून पात्याच्याच रंगात रंगवा. दोन हातांवरूनही दिसत नाही. पण ‘ठक’ गेला. हे का करायचं? कारण विंगेतून कितीही सुंदर खणखणाट आला आणि त्याच क्षणी मंचावरून ‘ठक’ही आला, तर कान दोन्ही ऐकतो आणि फसवणूक उघडी पडते.

दुसरा टप्पा विंगेत. साध्या नरम लोखंडाच्या दोन सपाट पट्ट्या घ्या: रुंदी पंचवीस मिलिमीटरच्या आसपास, जाडी पाच-सहा मिलिमीटर, लांबी तीस ते चाळीस सेंटिमीटर. टोकं आणि कडा कानशीनं गोल करा. एक पट्टी टांगायची, दुसरी हातात धरायची.

टांगायची जागा महत्त्वाची. पट्टी वाजते तेव्हा ती सगळीकडे सारखी थरथरत नाही. मधोमध आणि दोन्ही टोकांना सर्वांत जास्त हलते, आणि प्रत्येक टोकापासून साधारण २२ टक्के अंतरावर जवळपास स्थिर असते. चाळीस सेंटिमीटरच्या पट्टीवर ही जागा दोन्ही टोकांपासून नऊ सेंटिमीटरवर येते. तिथे दोरीचा फास घातला तर पट्टी मोकळी गाते, मधोमध बांधली तर गळा दाबल्यासारखी गप्प होते. मोजपट्टी नसेल तर पट्टी दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरा, टोकावर टिचकी मारा, चिमूट थोडी सरकवा, पुन्हा मारा. एका जागी आवाज एकदम उघडतो. मुलांना हे करायला द्या, त्यांचे डोळे विस्फारतात.

हातातली पट्टीही त्याच जागी धरायची, पण मुठीत आवळून नाही. अंगठा आणि दोन बोटं पुरतात. टांगलेल्या पट्टीच्या टोकाजवळ, कडेवर कड मारायची. सपाट बाजूवर सपाट बाजू आपटली तर थाळी वाजल्यासारखं होतं.

आवाज जाड वाटला तर पट्टी आखूड करा. लांबी निम्मी केली की स्वर चौपट चढतो, म्हणून एकदम कापू नका, दोन-दोन सेंटिमीटर कमी करत जा. जाडी दुप्पट केली तर स्वरही दुप्पट चढतो. रुंदीनं स्वरात फारसा फरक पडत नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांत ध्वनीचा वेग जवळजवळ सारखा असल्यामुळे एकाच मापाच्या दोन पट्ट्या साधारण एकाच स्वरात बोलतात. त्यामुळे जे सहज हाताशी असेल ते घ्या.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळा. कानस, करवतीचं पातं, हातोडा, छिन्नी असली कडक पाणी दिलेली हत्यारं एकमेकांवर आपटू नका. त्यांचा आवाज मोहक येतो, पण कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. नरम लोखंड वाकेल, उडणार नाही. आणि पट्ट्या कमरेच्या उंचीवर ठेवा. अरुंद विंगेत कानाजवळ वाजवल्या तर वाजवणाऱ्याचे कान बधिर होतात.

आवाज धातूचा आहे, पण घंटा वाजल्यासारखा

हे बहुधा पट्टीऐवजी पाइप वापरल्यानं होतं. पाइप छान गातो, हीच अडचण आहे. कानाला एक स्पष्ट स्वर सापडतो आणि लढाईऐवजी शाळा सुटल्यासारखं वाटतं. पट्ट्यांवर या. तरीही गाणं जाणवलं तर दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या घ्या. समजा, एक बत्तीस आणि दुसरी सदतीस सेंटिमीटर. दोघींचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते न जुळणंच तलवारीसारखं ऐकू येतं.

आवाज लांबत असेल तर वाजवून झाल्यावर मोकळ्या हातानं टांगलेली पट्टी धरा. अर्ध्या सेकंदात धरली की नेमकं होतं. शेवटच्या, निर्णायक वाराला धरू नका, तो घुमू द्या. एवढा एक फरक केला तरी प्रेक्षकाला कळतं की हा वार वेगळा होता.

आवाज बरोबर आहे, पण मागून येतो

सगळ्यात जास्त नाटकं इथे फसतात. आणि माझं अनुभवाचं मत असं की आवाज थोडा चुकीचा पण वेळेवर असला तर चालतो, अगदी अस्सल आवाज उशिरा आला तर अजिबात चालत नाही.

जपानच्या काबुकी रंगभूमीवर याचा रोकडा पुरावा आहे. तिथे प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, मंचाच्या कडेला एक माणूस बसतो आणि समोरच्या फळीवर लाकडाचे दोन ठोकळे आपटून नटाच्या धावण्याला, झटापटीला, वाराला ठोका देतो. या प्रकाराला ‘त्सुके’ म्हणतात. माणूस सगळ्यांना दिसतो, आवाज तर चक्क लाकडाचा. तरी वार खरा वाटतो, कारण ठोका हालचालीवर नेमका पडतो.

आता आपली गंमत बघा. विंगेतल्या मुलाला आपण सांगतो, ‘तलवारी भिडलेल्या दिसल्या की वाजव.’ डोळ्यांनी बघून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे भिडलेल्या बघून वाजवलं तर आवाज पाव सेकंद उशिरा येणारच, मुलगा कितीही चपळ असो. त्याला ओरडून काही उपयोग नाही. चूक सूचनेत आहे.

टेलिव्हिजनच्या प्रक्षेपणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी शिफारस आहे, तिच्यात आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद नंतर आला की माणसाला जाणवू लागतं असे आकडे दिलेले आहेत. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, पाव सेकंद म्हणजे २५० मिलिसेकंद, मर्यादेच्या दुप्पट. दुसरी, कान उशीर थोडा माफ करतो, घाई नाही. तसंही होणारच, कारण निसर्गात आवाज उजेडाच्या मागूनच येतो. सेकंदाला सुमारे ३४० मीटर हा वेग धरला तर वीस मीटरवर बसलेल्या माणसाला प्रत्येक आवाज ५८-५९ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि त्याला त्यात काही खटकत नाही.

उपाय असा. वाजवणाऱ्यानं बघून वाजवायचं नाही, सोबत वाजवायचं. त्याच्या हातातली पट्टी हीच त्याची तलवार. मंचावरचा मुलगा तलवार मागे नेतो तेव्हा यानंही पट्टी मागे न्यायची, तो पुढे आणतो त्याच वेगानं यानं पुढे आणायची. दोघे एकदम पोचतात. नजर पात्यावर ठेवायची नाही, वार करणाऱ्याच्या खांद्यावर ठेवायची. पातं फार वेगानं येतं, खांदा आधी सांगतो.

अर्थात लढत दर वेळी सारखी झाली तरच हे जमतं. म्हणून ती अंकांवर बसवा: एक, दोन, तीन, थांबा, चार, वळा, पाच. तालमीत मुलांनी आकडे मोठ्यानं म्हणायचे, पुढे मनात. प्रत्येक वाराआधी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे. नजर मिळाल्याशिवाय हात हलवायचा नाही, हा नियम आवाजासाठी आहे तितकाच सुरक्षिततेसाठीही. आणि विंगेतला मुलगा पहिल्या तालमीपासून हजर हवा. रंगीत तालमीला आणून उभा केलेल्या मुलाकडून हे होत नाही. आमच्याकडे एक वर्षी लढाईतला एक मुलगा पाय मुरगळून बसला. त्याला विंगेत बसवलं, तर त्यानं एकही ठोका चुकवला नाही. सगळे वार त्याच्या अंगात मुरलेले होते. तेव्हापासून बदली नट म्हणून तयार केलेल्या मुलालाच मी पट्ट्या देतो.

तलवारी प्रत्यक्ष भिडायलाही हव्यात असं नाही. प्रेक्षक समोरून बघत असतो, त्याला दोन पात्यांमधलं पुढचं-मागचं अंतर कळत नाही. एकासमोर एक येऊन पाती चार बोटांवर थांबली आणि त्याच क्षणी खण्‌ झालं, की भिडलीच. फक्त थांबणं ठाम हवं. पातं हवेत तरंगत राहिलं तर आवाज वाया.

स्पीकरवरून वाजवताना उशीर होतो

विंगेत जागाच नसेल किंवा सभागृह फार मोठं असेल तर रेकॉर्ड केलेला आवाज वापरावा लागतो. तेव्हा आधी ब्लूटूथ बंद करा. ब्लूटूथ स्पीकरवर दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, कधी त्याहून जास्त. तार जोडा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

मग फाइल तपासा. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की सुरुवातीला सपाट रेघ दिसते. ती शांतता कापून टाका, आवाज पहिल्याच टोकापासून सुरू झाला पाहिजे. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा. एमपी-३ करताना सुरुवातीला थोडी शांतता पुन्हा घुसते. फोनवरून वाजवणार असाल तर तो विमान मोडवर टाका. हे सांगायला नको, असं मलाही वाटायचं, पण ऐन द्वंद्वात सभागृहभर मेसेजची टिंग-टिंग ऐकल्यापासून मी कागदावर लिहून फोनलाच चिकटवतो.

एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजवला तर तिसऱ्या वारापासून तो खोटा वाटू लागतो. कान फार पटकन ओळखतो. निदान सहा-सात वेगळे वार रेकॉर्ड करा: हलका, जड, घासून जाणारा, टोकाला लागलेला. वरच्याच पट्ट्या वापरा, माइक अर्ध्या मीटरवर ठेवा आणि आवाजाची पातळी लाल पट्ट्याला भिडू देऊ नका. अशा आघाताचं टोक फार उंच जातं आणि ते कापलं गेलं की पत्रा फाटल्यासारखं ऐकू येतं.

अख्ख्या लढाईचा एकच लांब ट्रॅक बनवून मुलांना त्यावर लढायला लावणं हा आणखी एक मार्ग. एखादी मुलगी अडखळली, एक वार चुकला, की पुढचे सगळे वार हवेत. मी एकदा केलं. नायक जमिनीवर पडलेला, खलनायक निघून गेलेला, आणि वर चार खणखणाट शिल्लक. प्रत्येक वाराला वेगळं बटण दाबणारा माणूस हवाच, आणि त्यालाही ‘सोबत वाजवायचं’ हाच नियम.

पात्यातच सेन्सर बसवायचा खटाटोपही करून पाहिला. लहानशी पिझो चकती (धक्का बसला की विजेचा इशारा देणारी), तिची तार बाहीतून खाली, कमरेला ट्रान्समीटर. तलवार कमरेला खोचताना वाजली, पायऱ्या चढताना वाजली, राजासमोर मुजरा करतानाही वाजली. काढून टाकलं.

आवाज भलतीकडून येतो

लढाई डावीकडे आणि खणखणाट प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून. यावर उपाय सोपा आहे: एक छोटा स्पीकर लढाईच्या जागेच्या मागे, पडद्याआड किंवा नेपथ्याच्या फ्लॅटमागे ठेवा. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी कानावर पडतो त्या दिशेनं तो आल्यासारखा वाटतो, नंतर येणारा थोडा मोठा असला तरी. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर अभ्यास केला म्हणून याला हास परिणाम म्हणतात. मागचा स्पीकर पुरेसा असेल तर वरचे बंदच ठेवा. पट्ट्या वाजवत असाल तर लढाई ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या विंगेत उभं राहा, बस्स.

तालमीत दणदणीत, प्रयोगात ऐकूच येत नाही

रिकाम्या सभागृहात आवाज भिंतींवरून परत येतो. माणसं भरली की त्यांचे कपडे आणि अंगं तो शोषतात, आणि सर्वांत आधी शोषतात वरच्या पट्टीतला चुरचुरीत भाग, जो तलवारीचा प्राण. शिवाय पंखे, कुजबुज, खुर्च्यांची कुरकुर. रिकाम्या सभागृहात ‘जरा जास्तच होतंय’ असं वाटेल एवढा आवाज ठेवा, प्रयोगात तो बरोबर बसतो. पट्ट्यांसमोर माइक लावणार असाल तर लढाईपुरताच उघडा, नाहीतर विंगेतली ‘माझी ढाल कुठाय’ ही चौकशी शेवटच्या रांगेपर्यंत जाते.

संवाद बुडतात

हे आवाजाचं नाही, बसवण्याचं दुखणं. लढाई सलग ठेवू नका. तीन-चार वार, मग दोघं मागे सरतात, धापा टाकतात, तेव्हा वाक्य. वाजवणाऱ्यानं वाक्य सुरू व्हायच्या आत पट्टी धरलेली हवी. धापा, पाय आपटणं, ढालीवरचा ‘धप्प’ यांनाही जागा द्या. सगळंच खणखणलं तर कशालाच वजन राहत नाही.

म्यानातून उपसतानाचा आवाज

म्यानाच्या तोंडाशी आतून पातळ पत्र्याची पट्टी वळवून बसवली आणि तलवारीच्या पात्याची एक बाजू धातूची असली तर खरंच ‘सर्रर्र’ येतो. पण पत्र्याची कड दुमडून घ्या. एवढा उपद्व्याप नको असेल तर विंगेत स्टीलची फूटपट्टी लोखंडी पट्टीच्या कडेवरून झरकन ओढा. उपसणं सावकाश असेल तर ओढणंही सावकाश.

मूठ खुळखुळते

पातं मुठीत सैल आहे. पाचर मारा किंवा इपॉक्सी भरा. खुळखुळणारी तलवार आवाज बिघडवते हे झालंच, पण पातं निसटून प्रेक्षकांत जाऊ शकतं. अशी तलवार दुरुस्त होईपर्यंत मंचावर नको.

तलवार पडते तेव्हा

लढाई उत्तम होते, पराभूत योद्ध्याच्या हातून तलवार गळून पडते, आणि फळीवर ‘टप’. सगळं केलेलं पाण्यात. हा प्रसंग बहुतेकांच्या डोक्यातच नसतो, कारण लक्ष वारांवर असतं.

विंगेत लाकडी फळीवर एक पट्टी फूटभर उंचीवरून, थोडी तिरकी धरून सोडायची. एक टोक आधी आपटतं, मग दुसरं, मग दोन-तीन झपाट्यानं कमी होत जाणारे ठोके. हे शेवटचे ठोकेच ‘तलवार पडली’ असं सांगतात. दोन्ही टोकं एकदम आपटली तर नुसता एक धाडकन आवाज येतो. मंचावरच्या मुलानं खरी तलवार सोडायची नाही. गुडघ्यावर येत येत ती जमिनीला टेकवायची आणि बोटं उघडायची. यात वाजवणाऱ्याला क्यू, म्हणजे इशारा, बोटांचा: बोटं उघडायला लागली की पट्टी सोडायची. सवयीनं जमतं. आमच्याकडे पाचव्या तालमीला जमलं.

आणि एक, काळोखातलं

टांगलेली पट्टी विंगेत असते आणि विंगेत अंधार असतो. कुणाचा तरी कोपर लागतो आणि राणीच्या विलापात खण्‌ होतं. म्हणून लढाई येईपर्यंत पट्टीवर जाड लोकरी मोजा चढवून ठेवा. लढाईच्या दोन संवाद आधी मोजा काढायचा, हे क्यूच्या कागदावर वेगळं लिहा आणि त्याखाली रेघ मारा. एका प्रयोगात ते लिहायचं राहून गेलं. वाजवणारा मुलगा एकही ठोका चुकला नाही, सगळे वार नेमके वेळेवर पडले, आणि अख्खी लढाई मोज्यासकट झाली.